सभेत सत्य ठरते काय?



शास्त्रज्ञ आपल्या परिषदांत जमून करतात तरी काय, या विषयावर या वसंत व्याख्यानमालेत बोलावे असा निरोप चालकांनी धाडला, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी शास्त्रज्ञ नाही. माझे शालेय शिक्षण दहावीला संपले. पुढचे फौंड्रीच्या आवारात झाले आणि त्याच्याही पुढचे नगर वाचनालयाच्या बाकावर. परंतु चालक म्हणाले, "तुम्ही तीस वर्षे सभा भरवीत आला आहात. शास्त्रज्ञही सभाच भरवतात. सभा भरवणाऱ्या माणसाला त्यांची सभा कशी दिसते, एवढेच सांगा." या बोलण्यावर मला उत्तर सुचले नाही, म्हणून मी आपणांपुढे उभा आहे.

वर्तमानपत्रांत शास्त्रज्ञांच्या परिषदेचे जे चित्र येते त्यात समई पेटवणारे मंत्री असतात, हार असतात आणि पुढच्या रांगेत बसलेले पाहुणे असतात. खरी परिषद हे सारे पाहुणे निघून गेल्यावर सुरू होते. कोणी आपला निबंध वाचतो. दुसरा उठून विचारतो की, तुम्ही हे मोजले कसे? तिसरा म्हणतो, तुम्ही ज्याला हे नाव देता त्याला आम्ही दुसरे नाव देतो, तेव्हा आधी शब्दांचा अर्थ ठरवू. मग चहा होतो, आणि कित्येकदा मुख्य काम त्या चहाच्या वेळीच उरकते. युनियनच्या सभेत बसलेल्या माणसाला यात अनोळखी असे फारसे काही नाही. एकच गोष्ट मला पुष्कळ दिवस कळत नव्हती. आमच्या सभेच्या शेवटी ठराव येतो, हात वर होतात आणि निकाल लागतो. शास्त्रज्ञांच्या सभेच्या शेवटी काय होते? वादाचा निकाल कोण लावतो?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला एका जुन्या परिषदेची हकीकत सापडली. ती आज सविस्तर सांगतो, कारण तिने मला माझीच एक चूक दाखवून दिली.

ही परिषद १८६० सालच्या सप्टेंबर महिन्यात ३, ४ आणि ५ या तारखांना जर्मन प्रदेशातील बाडेन संस्थानाच्या राजधानीत, कार्ल्सरूह या गावी भरली. सव्वाशेच्या आसपास रसायनशास्त्रज्ञ जमले होते. जर्मन होते, फ्रेंच होते, इंग्रज, रशियन, इटालियन होते. रसायनशास्त्रज्ञांची अशी आंतरराष्ट्रीय सभा त्यापूर्वी कधी भरली नव्हती. कल्पना मुख्यतः ऑगस्ट केकुले या तरुण जर्मन प्राध्यापकाची. पॅरिसचे आडॉल्फ वुर्त्स आणि कार्ल्सरूहचेच कार्ल व्हेल्टसीन हे त्याचे दोन साथीदार. निमंत्रणे तीन भाषांत निघाली आणि बैठकीसाठी संस्थानाच्या विधिमंडळाचे सभागृह मिळाले.

एवढी माणसे एवढ्या लांबून का आली? कारण घरात भांडण विकोपाला गेले होते. रसायनशास्त्रज्ञांना एकमेकांचे लिहिलेले समजेनासे झाले होते. साधे पाणी घ्या. कोणी ते एका हायड्रोजनाला एक ऑक्सिजन असे लिही, तर कोणी दोन हायड्रोजनांना एक ऑक्सिजन असे लिही. व्हिनेगरला आंबटपणा देणारे ॲसेटिक आम्ल घेतले, तर एकट्या त्या आम्लाची वापरात असलेली १९ निरनिराळी सूत्रे केकुलेने आपल्या पाठ्यपुस्तकात नोंदून ठेवली आहेत. एका पदार्थाची १९ नावे म्हटल्यावर विद्यार्थ्याने शिकावे काय आणि कारखानदाराने मागवावे काय?

हा घोटाळा मूर्खपणातून झालेला नव्हता. त्याचे मूळ मी आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगतो. समजा, नट बसवलेल्या बोल्टांचा एक ढीग आहे आणि तो आपल्याला डोळ्यांनी पाहता येत नाही. फक्त एवढे कळते की, त्यातील सगळ्या नटांचे वजन मिळून एक किलो आणि सगळ्या बोल्टांचे मिळून आठ किलो भरते. आता सांगा, एक बोल्ट एका नटाच्या किती पट जड? एका बोल्टला एकच नट असेल तर आठ पट. पण प्रत्येक बोल्टला दोन नट लावले असतील तर सोळा पट. तराजू कितीही बारीक आणला तरी तो हे सांगणार नाही, कारण तराजू वजन करतो, मोजदाद करीत नाही. पाण्यात हायड्रोजनाच्या एका भारास ऑक्सिजनाचे आठ भार असतात, हे सर्वांना मान्य होते. ऑक्सिजनाचा अणुभार ८ धरायचा की १६, यावर भांडण होते. कार्बनचेही तसेच. कोणी ६ धरी, कोणी १२. आणि पाया हलला की वरची सगळी सूत्रे हलत.

नवल असे की, मोजदाद करण्याची युक्ती जवळजवळ पन्नास वर्षे पुस्तकात पडून होती. १८११ साली आमेडिओ ॲव्होगाड्रो या इटालियन शास्त्रज्ञाने असे मांडले होते की, तापमान आणि दाब सारखे असतील तर कोणत्याही वायूच्या सारख्या आकारमानात कणांची संख्या सारखीच असते. म्हणजे आमच्या उदाहरणात, एका मापाच्या पेटीत नट भरा नाही तर बोल्ट भरा, नग तेवढेच बसतात. पाणी तयार होताना हायड्रोजनाच्या दोन पेट्यांना ऑक्सिजनाची एक पेटी लागते. तेव्हा एका बोल्टला दोन नट, आणि ऑक्सिजन १६, हे उघड झाले.

पण एक अडचण राहत होती. दोन पेट्या हायड्रोजन आणि एक पेटी ऑक्सिजन यांपासून वाफेची एक पेटी मिळायला हवी, प्रत्यक्षात दोन मिळतात. याचा अर्थ ऑक्सिजनाचा प्रत्येक कण मधोमध फुटून दोघांत वाटला गेला. म्हणजेच तो कण एकटा अणू नव्हे, दोन अणू मिळून झालेला रेणू आहे. एकाच जातीचे दोन अणू एकमेकांना धरून बसतात, हे त्या काळच्या मोठमोठ्या पंडितांना पटेना. म्हणून ॲव्होगाड्रोचे म्हणणे बाजूला पडले. १८५६ साली तो वारला, तोवर त्याला न्याय मिळाला नव्हता.

आता सभेकडे येऊ. पहिल्या दिवशी व्हेल्टसीन यांनी स्वागत केले आणि प्रश्न तयार करण्यासाठी एक समिती बसवण्यात आली. अणू आणि रेणू हे शब्द कोणत्या अर्थाने वापरावेत, येथून चर्चेला आरंभ झाला. तिसऱ्या दिवशी झां-बाप्तिस्त द्यूमा हे वयोवृद्ध फ्रेंच शास्त्रज्ञ अध्यक्षस्थानी होते. त्यांचे मत असे की, खनिज पदार्थांचे रसायनशास्त्र आणि सजीवांपासून मिळणाऱ्या पदार्थांचे रसायनशास्त्र ही दोन वेगळी शास्त्रे आहेत. ज्याने त्याने आपापल्या वाटेने जावे. वडीलधाऱ्यांनी दोन भावांची चूल वेगळी मांडून द्यावी, तसा हा तोडगा होता.

त्याला विरोध करण्यास स्तानिस्लाओ कान्निझ्झारो उभा राहिला. हा गृहस्थ ३४ वर्षांचा. जन्माने सिसिलीचा, त्या वेळी जेनोआ येथे प्राध्यापक. १८४८ साली सिसिलीत राजसत्तेविरुद्ध उठाव झाला, त्यात त्याने भाग घेतला होता आणि उठाव मोडल्यावर फ्रान्समध्ये परागंदा होऊन राहिला होता. तो म्हणाला की, रसायनशास्त्र एकच आहे आणि त्याला अणुभारांची एकच व्यवस्था हवी. ॲव्होगाड्रोचा नियम धरून चाललात तर सगळा हिशेब जुळतो, आणि कोठे जुळत नाहीसे दिसते त्याचे कारणही सापडते.

सभा जिंकली का? नाही. शास्त्रीय प्रश्नाचा निकाल मते मोजून लागत नाही, ज्याला त्याला आपल्या बुद्धीप्रमाणे चालण्याचे स्वातंत्र्य असले पाहिजे, असा विचार तेथे प्रबळ ठरला. सभेने कोणावर बंधन घालणारा ठराव केला नाही. जुन्या भाराच्या दुप्पट अणुभार धरताना त्या चिन्हावर आडवी रेघ द्यावी, एवढी एक इच्छा तेवढी व्यक्त झाली. माझ्यासारख्या कार्यकर्त्याने ही हकीकत वाचून पहिल्यांदा कपाळावर हात मारला. सव्वाशे माणसे, तीन दिवस, प्रवासखर्च, आणि निष्पन्न काय, तर एक आडवी रेघ!

पण गोष्ट येथे संपत नाही. लोक परतायला निघाले, तेव्हा पाव्हियाचे प्राध्यापक आंजेलो पावेसी यांनी कान्निझ्झारोची एक छोटी पुस्तिका सर्वांना वाटली. १८५८ साली त्याने आपल्या विद्यार्थ्यांना शिकवलेल्या पाठांचा तो सारांश होता. आपल्याकडे मोर्चा संपताना पत्रके वाटतात, त्यातला हा प्रकार. लोथार मायर या ३० वर्षांच्या जर्मन शास्त्रज्ञाने ती खिशात टाकली, वाटेत वाचली, घरी जाऊन पुन्हा पुन्हा वाचली. डोळ्यांवरचे पडळ गळून पडावे तसे झाले, असे त्याने पुढे सांगून ठेवले आहे. १८६४ साली त्याने या पायावर पुस्तक लिहिले. सभेत २६ वर्षांचा एक रशियन तरुणही होता. त्याचे नाव दिमित्री मेंडेलीव्ह. अणुभार नीट हाती आले, म्हणूनच ते क्रमाने मांडता आले, आणि १८६९ साली त्याने मूलद्रव्यांची ती आवर्त सारणी प्रसिद्ध केली, जी आज शाळेच्या भिंतीवर टांगलेली असते. पुढे १८८९ साली लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे वाचल्या गेलेल्या आपल्या व्याख्यानात मेंडेलीव्हने कार्ल्सरूहची आठवण काढली आहे. सभेने जबरदस्तीने एकमत केले नाही, विचाराचे स्वातंत्र्य राखले, आणि थोड्याच वर्षांत कान्निझ्झारोचे म्हणणे आपल्या बळावर टिकून राहिले, असा त्याचा आशय आहे.

श्रोतेहो, येथे मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे. ती अभिमानाची नाही.

१९९८ साली मी एका फौंड्रीतील युनियनचा चिटणीस होतो. साच्याची वाळू झाडणे आणि ओतीव नगांचे घासकाम करणे, या खात्यातील सात माणसे एका वर्षात खोकून खोकून खंगली. मालकाच्या डॉक्टरने सातही जणांना क्षय ठरवला. क्षय म्हटला म्हणजे तो घरचा, वस्तीचा, नशिबाचा. कारखान्यावर त्याची जबाबदारी येत नाही. आम्हांला ठाऊक होते की वाळूच्या बारीक धुळीने फुप्फुसे दगडासारखी होतात, त्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात आणि त्याची भरपाई मागता येते. मी गेटसभा बोलावली. तावातावाने भाषण केले. सातही जणांना धुळीचाच रोग आहे, क्षय नाही, असा ठराव मांडला आणि चारशे हात वर झाले.

त्या सातांत तात्या होते. मला साच्याचे काम त्यांनीच शिकवले होते. सभा संपल्यावर ते खोकत खोकत मला म्हणाले, "हात वर करून छातीतलं काय कळणार रं?" मी हसलो. ठराव झाला म्हणून सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या क्षयाच्या गोळ्या सातही जणांनी बंद केल्या. गोळ्या घेणे म्हणजे मालकाचे म्हणणे कबूल करणे, असे मीच त्यांना समजावले होते. चार महिन्यांनी बाहेरगावच्या एका डॉक्टरांनी सर्वांचे एक्स-रे काढले, थुंकी तपासली, कोणी कोठे किती वर्षे काम केले ते विचारून लिहून घेतले. चौघांना धुळीचा रोग होता. दोघांना धुळीचा रोग आणि त्यावर क्षय, असे दोन्ही होते. धुळीने खराब झालेल्या छातीत क्षय लवकर शिरतो, हे मला त्या दिवशी कळले. तात्यांना निव्वळ क्षय होता. गोळ्या पुन्हा सुरू केल्या, पण चार महिने गेले ते गेलेच. तात्या पुढच्या पावसाळ्यात वारले.

मालकाचा डॉक्टर सहा जणांबाबत चुकला आणि मी तिघांबाबत चुकलो. माझी चूक लहान म्हणून ती हलकी होत नाही. त्याने पगारासाठी सांगितले, मी बहुमताने सांगितले. छाती दोघांनीही तपासली नव्हती.

मग सभेने ठरवायचे तरी काय, असा प्रश्न मला कित्येक वर्षे सतावीत राहिला. त्याचे उत्तर दुसऱ्या एका परिषदेच्या इतिहासात मिळाले.

१९७० नंतरच्या काळात अमेरिकेत एका जीवाची जनुके दुसऱ्या जीवात घालण्याची विद्या हाती येत होती. पॉल बर्ग या शास्त्रज्ञाने प्राण्यांत गाठी उत्पन्न करणाऱ्या एका विषाणूचा भाग माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या जीवाणूत घालण्याचे योजले होते. असा जीवाणू प्रयोगशाळेतून निसटला तर काय, असे एका सहव्यवसायिकाने विचारले आणि बर्गने तो प्रयोग थांबवला. १९७३ सालच्या जूनमध्ये न्यू हॅम्पशायर येथे एक गॉर्डन परिषद भरली. या परिषदांची रीत पाहण्यासारखी आहे. सकाळी व रात्री बैठका, दुपारी मोकळीक, आणि जे बोलले जाईल ते छापायचे नाही, म्हणजे माणसे अर्धेकच्चे विचारही निर्धास्तपणे बोलतात. त्या परिषदेत या नव्या विद्येची वार्ता आली, तेव्हा जमलेल्यांनी चक्क मतदान केले आणि धोक्याची सूचना देणारे पत्र पाठवण्याचे ठरवले. १९७४ च्या जुलैमध्ये बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही प्रयोग स्वखुशीने थांबवण्याचे जाहीर आवाहन केले. १९७५ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे दीडशेच्या आसपास माणसे जमली. बहुतेक शास्त्रज्ञ, थोडे वकील, थोडे बातमीदार. कोणत्या प्रयोगाला किती बंदोबस्त लागेल याच्या पायऱ्या त्यांनी ठरवल्या, आणि शेवटच्या दिवशी मसुद्यावर हात वर झाले. विरोधात थोडेच होते.

कार्ल्सरूहला जे करायचे नाही म्हणून ठरले, ते असिलोमारला कसे केले? माझ्या समजुतीप्रमाणे यात विसंगती नाही. ऑक्सिजनाचा अणुभार किती, हा जे आहे त्याविषयीचा प्रश्न. तो तपासून सुटतो. किती धोका पत्करायचा आणि कोणत्या बंदोबस्ताने, हा काय करावे याविषयीचा प्रश्न. तो माणसांनी मिळून ठरवावा लागतो, आणि तेथे मताला जागा आहे. जे ठाऊक आहे ते नीट तपासून समोर ठेवणे, एवढी अट मात्र त्यालाही आहे.

पण मग दुसरा प्रश्न उभा राहतो. मत कोणाचे? असिलोमारच्या सभागृहात प्रयोग करणारे होते. काचेची भांडी धुणारे, सांडलेले पुसणारे तेथे प्रतिनिधी म्हणून नव्हते. ही उणीव पुढच्याच वर्षी उघडी पडली. १९७६ साली मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज गावी हार्वर्ड विद्यापीठाने अशा प्रयोगांसाठी प्रयोगशाळा उभारण्याचे योजले. तेव्हा तेथल्या नगर परिषदेने विचारले की, गाव आमचे, मग आम्हांला कोणी पुसले का? उन्हाळ्यात जाहीर सुनावण्या झाल्या, काम तात्पुरते थांबवले गेले आणि नागरिकांची समिती नेमली गेली. तीत परिचारिका असलेली एक जोगीण होती, घरगुती तेलाचा व्यापारी होता, इमारतींचा अभियंता होता. या विद्येतील तज्ज्ञ त्यांत एकही नव्हता. त्यांनी महिनोन्महिने दोन्ही बाजूंच्या शास्त्रज्ञांना समोर बसवून प्रश्न विचारले. १९७७ च्या जानेवारीत त्यांचा अहवाल आला. प्रयोगांना बंदी घालावी असे त्यांनी म्हटले नाही. सरकारी नियमांहून थोड्या अधिक अटी घालून परवानगी द्यावी असे म्हटले. प्रयोगशाळेच्या देखरेख समितीत तेथे काम करणाऱ्या तंत्रसहायकांचा प्रतिनिधी असावा आणि संस्थेशी संबंध नसलेला गावचा एक माणूस असावा, अशीही शिफारस त्यांनी केली. पुढच्याच महिन्यात नगर परिषदेने तसा नियम केला.

हे वाचले तेव्हा मी तात्यांच्या त्या प्रश्नापाशी परत आलो. छातीत काय आहे हे ठरवण्यासाठी आम्ही हात वर केले, ही चूक होती. पण छाती कोणी तपासावी, केव्हा तपासावी, धूळ कोठे मोजावी, यासाठी हात वर करणे चूक नव्हते. ते तर आमचेच काम होते, आणि तेच आम्ही केले नव्हते.

त्यानंतर आमच्या युनियनने जे ठराव केले ते या धर्तीचे केले. दरवर्षी प्रत्येकाचा एक्स-रे निघावा. तो मालकाच्या डॉक्टरबरोबर आमच्या विश्वासाच्या डॉक्टरलाही दाखवावा. धूळ मोजणारे दिवसा येऊन शेडच्या दारात यंत्र ठेवून जात. साचे तर रात्रपाळीत फोडले जातात. म्हणून मोजणी रात्रपाळीतही व्हावी, यंत्र माणसाच्या कॉलरपाशी लावावे आणि आमचा प्रतिनिधी शेजारी उभा असावा. आकडे काय येतील यावर आम्ही मत दिले नाही. रात्रीचे आकडे आले, ते दिवसाच्या आकड्यांहून पुष्कळ वाईट निघाले, आणि वाळूवर पाणी मारण्याची व धूळ ओढून घेणारे पंखे बसवण्याची मागणी आम्हांला टेबलावर आकडे ठेवून करता आली. सगळे मिळाले नाही, पंखे मिळाले.

पुढे एकदा धुळीच्या रोगांवरील शास्त्रज्ञांच्या परिषदेला मी श्रोता म्हणून गेलो होतो. मागच्या रांगेत बसलो. चित्रे दाखवली जात होती, आकडे वाचले जात होते, आणि एक तरुण संशोधक बाई आपला निबंध संपवून प्रश्नांची वाट पाहत उभ्या होत्या. मी हात वर केला. मत देण्यासाठी नव्हे, विचारण्यासाठी. "बाई, ही मोजणी कोणत्या पाळीत केली?" त्यांनी वही पाहिली आणि म्हणाल्या, "दिवसपाळीत. रात्रीची केलेली नाही." चहाच्या वेळी त्या स्वतः होऊन माझ्याकडे आल्या आणि रात्रपाळी किती वाजता सुरू होते, असे त्यांनी मला विचारले.